शेठ जेवतात तिथं जेवा

सोलापुरात स्टँडसमोर मल्लिनाथशेठचं मोठं हॉटेल हाय. त्याच्या पायरीवर मी दिवसभर बसते. घरी बोलायला कोण हाय? इथं गाडीतनं उतरलेले पाहुणे विचारतात, "आजी, जेवायला कुठं चांगलं?" तेवढंच माणसाशी बोलणं होतं. मी गल्लीतल्या राचव्वाची खानावळ सांगते.

शेठला हे कळलं. चारचौघांत येऊन म्हणाला, "म्हातारे, माझ्या पायरीवर बसून दुसऱ्याचं नाव घेतलंस, तर उद्यापासनं इथं दिसायचं न्हाई."

तेवढ्यात कऱ्हाडचं एक जोडपं आलं आणि तेच विचारलं. शेठ मिशीवर हात फिरवत म्हणाला, "सांग की आता."

पायरी गेली तर बोलू कुणाशी? पण पाहुण्याला फसवायचं तरी कसं?

म्हटलं, "मी बाई कुणाचंच नाव घेत न्हाई. एवढं मोठं हॉटेल चालवणाऱ्याला जेवणातलं कळतंच की. शेठ जिथलं जेवतात, तिथलंच जेवा."

शेठ खूष. "ऐकलंत? बसा आत."

पाहुण्यानं आत बसून वेटरला सांगितलं, "शेठ जेवतात ते ताट आण."

वेटर बिचारा सरळ. म्हणाला, "ते इथलं नसतंय, साहेब. शेठचा डबा राचव्वाकडनं येतो."

सगळे हसले. नाव मी घेतलंच नव्हतं, त्यामुळं शेठला मला उठवता येईना.

पायरी राहिली. पाहुणे विचारतात, मी 'शेठ जेवतात तिथं' सांगते, ते राचव्वाकडं जातात. "आजी, तुम्ही कुठं जेवता?" असं कुणी विचारलं, तर हाताला धरून घरी नेईन म्हणते. अजून कुणी विचारलं न्हाई.