कोरडे तांदूळ

"माझं कुणी खरं मानलं नाही, माय. आता तू तरी सांग, चोर कोण?"

सुंदरामायने हातातली वात वळून पूर्ण केली. तापीकाठच्या मठीत ती एकटीच राहायची. बायका तिला गुरू मानत. ती मात्र कुणाला पाया पडू देत नसे.

"काय नाही मानलं?"

"हर्षालीनं पैसे चोरले ते. माझ्या सुनेनं."

हर्षाली बाहेर पारावर बसली होती. पोटुशी. शेजारी कपड्यांचं गाठोडं. कौतिकाने तिला बखोटीला धरून इथवर आणलं होतं. पोरीच्या माहेरची वाट मठीवरूनच जाते. कौतिकाचा नवरा मोटारसायकल घेऊन मागून येणार होता, आणि इथूनच तिला माहेरी टाकून येणार होता. कायमची.

"कुठले पैसे?"

"सरकार बाईच्या खात्यात टाकतं ते. महिन्याचे."

"खात्यातून कसे चोरले?"

कौतिका हसली. म्हातारीला काय कळतंय, असं ते हसणं होतं. गावात तिच्या जिभेपुढे सरपंचसुद्धा गप्प बसायचा.

"खात्यात कोण ठेवतं, माय? खात्यातला पैसा चार जणांना दिसतो. आणि दिसलेला पैसा टिकत नाही. आले की त्याच दिवशी दुकानात अंगठा लावायचा अन् काढायचे. थोडे वाण्याला. थोडे भिशीत. उरले ते माझ्या बियाण्याच्या गाडग्यात, राखेखाली."

"राखेखाली?"

"दोडक्याचं, गिलक्याचं बी राखेत ठेवतो ना आपण. त्याच्या तळाला. त्या गाडग्यात पुरुष हात घालत नाही. घातला तर बी उगवत नाही. म्हणून तर सांगते, हे बाईचंच काम आहे."

"साठवत कशासाठी होतीस?"

कौतिकाचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

"तिच्याच बाळंतपणाला. मागचं लेकरू वाटेतच गेलं. गाडीवाला म्हणाला, आधी पैसे दाखवा..."

सुंदरामायने कापूस पुढे ओढला.

"अन् तिनंच हात मारला! देवापुढचे तांदूळ चावायला दिले मी सगळ्यांना. चोराच्या तोंडात तांदूळ भिजत नाही. सासूचे भिजले. जावेचे भिजले. माझ्या मुलाचे भिजले. हिनं थुंकले ते जसेच्या तसे. पांढरे फटक. तरी मुलगा म्हणतो, ती तशी नाही. जाऊ म्हणते, तुझंच डोकं फिरलं. सांग आता!"

म्हातारी उठली. डब्यातून चिमूटभर तांदूळ काढले आणि कौतिकाच्या हातावर ठेवले.

"चाव."

"मी? अगं, पैसे माझेच गेले!"

"चाव गं. दात पडले का तुझे?"

कौतिकाने रागारागाने तांदूळ तोंडात टाकले.

तेवढ्यात लांबून मोटारसायकलचा आवाज आला. कौतिकाची मान दाराकडे वळली. पदर आपोआप डोक्यावर गेला. आवाज जवळ आला... आणि पुढे निघून गेला. दुसऱ्याच कुणाची तरी गाडी होती.

"थुंक आता."

कौतिका तळहातावर थुंकली. बघत राहिली.

तांदूळ कोरडे होते.

"म्हणजे... मी चोर?"

"तू कशाला चोरशील?"

"मग हे असे का?"

"मला काय विचारतेस? तोंड तुझं आहे."

बाहेर हर्षाली खोकली. कौतिकाने तिकडे पाहिलं नाही.

"घरात अजून कोण आहे?" सुंदरामायने विचारलं.

"सांगितले ना सगळे."

"सगळे?"

"...त्यांना कसे देणार तांदूळ?"

"का? नवऱ्याला दात नाहीत?"

"माय, थट्टा नको. मागं एकदा नुसतं विचारलं होतं, कुठं गेले होते म्हणून..." कौतिकाचा हात कानामागे गेला आणि तिथेच राहिला.

"पैसे आल्याचं त्याला कळतं?"

"मोबाईल त्यांचाच. टुंग वाजलं की हात पुढं. त्यांचा वाटा दिल्याशिवाय चूल पेटू देत नाहीत."

"या महिन्यात वाजलं?"

"वाजलं."

"हात पुढं आला?"



"...नाही."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, राहू दे या वेळी, तुलाच लागतील. मला वाटलं, देव पावला. उरलेले ठेवायला गाडगं उघडलं, तर मागचे सगळेच..."

म्हातारी खाली बसून पुढची वात वळू लागली.

"पण माय, बियाण्याच्या गाडग्यात पुरुष हात घालत नाही." आता ते सांगणं नव्हतं. विनवणी होती.

"कुणी सांगितलं?"

"आजीनं. आईनं."

"कुणाला सांगितलं?"

"मला."

"आणि त्याला कुणी सांगितलं?"



बाहेर गाडी थांबली. या वेळी त्यांचीच. हॉर्न वाजला, दोनदा, मग लांबलचक.

"ए! ये पोरगी घेऊन! दिवसभर बसायचं का इथं?"

पारावर हर्षाली धडपडत उठली. एका हातात गाठोडं, एक हात पोटावर.

"माय, तू सांग त्यांना," कौतिका कुजबुजली.

"चोर कोण हे तुला पाहिजे होतं. मला नाही."

"मला त्यांचं नाव घेता येत नाही... कधीच घेतलं नाही. जीव घेतील माझा."

सुंदरामायने वात बाजूला ठेवली.

कौतिका दाराबाहेर गेली. हर्षालीला तिने पुन्हा बखोटीलाच धरलं. गाडीकडे नाही, आत ओढलं. दार लोटलं. कडी लागेना. हर्षालीनेच ती सरकवली.

दारावर लाथ बसली.

"कौतिका! उघड म्हणतो ना!"

दुसरी लाथ. बिजागरी करकरली. दोघी भिंतीला चिकटून उभ्या. कुणी कुणाकडे बघेना.

म्हातारी हळूहळू उठली. गुडघ्यावर हात टेकत दारापाशी गेली आणि फटीला तोंड लावलं.

"पोर इथंच राहील. तू आधी गाडग्यातले पैसे घेऊन ये, भिकन."