तळ्याचं दार आणि रोपवाल्यांचा प्रमुख

फार वर्षांमागची गोष्ट. एका मोठ्या तळ्याच्या खालच्या अंगाला रोपवाल्यांचं एक गाव होतं. गावातलं घरन् घर रोपांवर जगे. कुणाकडे मोगरा, कुणाकडे आंब्याची कलमं, तर कुणी गावोगाव जाऊन लोकांच्या बागा लावून देई. एकट्यादुकट्याला मोठं काम मिळत नसे, म्हणून सगळ्यांनी मिळून एक संघ केला होता. हैबती नावाचा माळी त्या संघाचा प्रमुख होता.

प्रमुखाला पगार नव्हता. मान होता आणि ढीगभर कामं होती. हैबती ती सगळी हौसेनं करी. खत कुठून आणायचं, कुणाची रोपं कुठल्या बागेला द्यायची, पाटाचं पाणी आज कुणाच्या वाफ्यात सोडायचं, सगळं तोच ठरवी. घरची कलमं सुकली तरी संघाचं काम तो अडू देत नसे. बायको म्हणे, "गावाची रोपं तरारली, आपली मात्र माना टाकून बसलीत." तो हसण्यावारी नेई. गाव म्हणे, "हैबतीदादा नसते तर आपलं काही खरं नव्हतं." हे ऐकलं की त्याचा दिवसभराचा शीण उतरे.

तळ्याच्या बांधाला एक लाकडी दार होतं. पावसानं तळं भरून आलं की ते दार उघडायचं, म्हणजे जादा पाणी पलीकडच्या ओढ्यात जाई आणि गाव वाचे. पण उगाच उघडलं, तर उन्हाळ्यात रोपांना पाणी उरत नसे.

एकदा कोंडाजी नावाच्या माळ्यानं आभाळ भरून आलेलं पाहिलं आणि कुणाला न विचारता दार उघडलं. पाऊस काही आला नाही. पाणी मात्र वाहून गेलं. हैबतीनं भर बैठकीत त्याला उभं केलं.

"तुला कुणी सांगितलं होतं रे शहाणपण करायला?"

"दादा, मला वाटलं..."

"तुला वाटून चालत नाही. यापुढे मला विचारल्याशिवाय त्या दाराला कुणी हात लावायचा नाही!"

कोंडाजी मान खाली घालून बसला. त्यानंतर तो बैठकीत कधी बोललाच नाही. हैबतीनं दाराला मोठं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला बांधली.

पुढे एका श्रावणात शहरातून सांगावा आला. तिथं एक मोठी बाग लावायची होती, साऱ्या गावाला वर्षभर पुरेल एवढं काम होतं. बोलणी करायला हैबती निघाला. वेशीपाशी सगुणाबाईनं त्याला गाठलं. तिची मोगऱ्याची रोपं गावात नावाजलेली होती. ती कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात नव्हती, पण वेळेला खरं बोलायची.

"दादा, डोंगराकडे काळं पडलंय. किल्ली ठेवून जा."

"उद्या परत येतोच आहे की."

"आणि उद्या नाही जमलं तर? माझ्याकडे नको, कोंडाजीकडे द्या. त्याला दार उघडायचं कळतं."

कोंडाजीचं नाव ऐकताच हैबतीच्या कपाळाला आठी पडली. त्याचा हात किल्लीकडे गेलाही होता. पण कोंडाजीनं पुन्हा घोळ घातला तर? आणि त्याहून खोल, मनाच्या तळाशी आणखी एक विचार होता, तो त्यानं स्वतःलाही नीट ऐकू दिला नाही. आपल्यावाचून सगळं सुरळीत झालं तर?

"कुणी काही करू नका," तो म्हणाला. "मी येईपर्यंत थांबा. मी आल्यावर बघू."

किल्ली कमरेलाच राहिली.

शहरात बोलणी छान झाली. पण रात्रीपासून असा पाऊस कोसळू लागला की थांबायचं नाव नाही. सकाळी हैबती तसाच निघाला. वाटेत चिखलात दोनदा आपटला. दुपार कलताना तो गावाजवळच्या ओढ्यावर पोहोचला आणि जागीच थबकला. ओढ्यावरचा साकव, गावात शिरायचा तो एकुलता लाकडी पूल, वाहून गेला होता. तांबडं पाणी घोंघावत चाललं होतं, त्यात अख्खी झाडं गडगडत होती.

समोर पलीकडे तळ्याचा बांध दिसत होता. पाणी बांधाच्या काठाला टेकलं होतं. एका बाजूनं ते पाटात उसळत होतं आणि पाटातून खालच्या वाफ्यांत शिरत होतं. सारं गाव दारापाशी जमलं होतं. दाराला अगदी लागून कोंडाजी उभा होता. त्याच्या हातात पहार होती.

"उघडा!" हैबती ओरडला. "कुलूप तोडा!"

ओढ्याच्या गर्जनेत त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही. पण लोकांनी त्याला पाहिलं. सगळी तोंडं त्याच्याकडे वळली.

त्यानं कमरेची किल्ली सोडली, उपरण्याच्या टोकात दगडाबरोबर गच्च बांधली आणि जीव खाऊन फेकली. उपरणं हवेत फडफडलं, मधेच खाली आलं आणि पाण्यात गडप झालं.

आता एकच उपाय होता. त्यानं दोन्ही हात वर उचलले आणि घाव घातल्यासारखे खाली आणले. पुन्हा वर, पुन्हा खाली. तोडा! तोडा!

पलीकडे कोंडाजीनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग हातातली पहार हळूच खाली ठेवली.

"अरे, ठेवतोस काय! उचल!" हैबती किंचाळला. तो आणखी जोरानं हात खाली आपटू लागला. तो जितक्या जोरानं हात हलवी, तितके ते लोक मुकाट उभे राहत. पाणी वाफ्यांत चढत होतं. सगळ्यात खालचे वाफे कोंडाजीचेच. त्याची पेरूची कलमं आधी कमरेएवढी बुडाली, मग शेंडे दिसेनासे झाले. कोंडाजी वळून बघत होता, पण जागचा हलत नव्हता. शेजारच्या वाफ्यांची पाळी आली. बांधावरून मातीचा एक लगदा सुटून खाली कोसळला. आता बांध फुटला असता तर रोपंच काय, घरंही राहिली नसती. हैबतीची बायकापोरंही त्याच घरांत होती.

हैबती मटकन खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून सगुणाबाई पुढे आली. तिनं पहार उचलली. दोघांनी तिचा हात धरला, हैबतीकडे बोट दाखवलं. तिनंही एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाठ फिरवली, हात हिसकावून घेतला आणि कुलपावर पहार घातली. एक घाव. दुसरा. तिसऱ्याला कुलूप उडालं. मग मात्र कोंडाजी धावला, आणखी चौघे धावले, आणि सगळ्यांनी मिळून दार वर ओढलं. तळ्याचं पाणी धाडकन ओढ्यात उतरलं. हैबती उठून उंचवट्याकडे पळाला, नाहीतर त्यालाही लोंढ्यानं ओढून नेलं असतं.

ओढा उतरल्यावर तो गावात आला. बांध शाबूत होता. वरचे वाफे वाचले होते. खालच्या वाफ्यांत नुसता गाळ उरला होता. संघाची माणसं वडाखाली जमली होती. कुणी त्याच्या नजरेला नजर देईना.

सगुणाबाई उठून उभी राहिली. "दादा, तुम्ही 'थांबा' म्हणत होता. मी मोडलं. काय बोलायचं ते मला बोला."

"थांबा?" हैबतीला काही उमगेना. "मी 'तोडा' म्हणत होतो!"

कुणीतरी चाचरत म्हणालं, "तुम्ही हात असे खाली दाबत होता. आम्हाला वाटलं, 'धीर धरा, मी येतोय' असं सांगताय. तुम्ही नेहमी तेच तर सांगता."

हैबती कोंडाजीकडे वळला. "अरे, पण पहार तुझ्या हातात होती. डोळ्यांदेखत तुझी कलमं बुडत होती. मग का नाही घातलीस?"

किती दिवसांनी कोंडाजीनं बैठकीत तोंड उघडलं. "मी सकाळपासून तिथं उभा होतो, दादा. पाणी चढतंय हे सगळ्यात आधी मलाच कळलं होतं. पण मला वाटून चालत नाही ना."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे तो शब्द हैबतीच्या काळजात जास्तच रुतला.

"कोंडाजी, तुझी कलमं पाण्यानं नेली नाहीत. माझ्या जिभेनं नेली," तो म्हणाला. "आजपासून मी प्रमुख नाही."

एकच गलका झाला. "असं कसं दादा? मग आम्ही काय करायचं? कुणाकडे बघायचं?"

त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावरची भीती पाहून हैबतीच्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं तो याच भीतीला प्रेम समजत होता.

"सगुणाबाईला करा," तो म्हणाला.

सगुणाबाई म्हणाली, "होईन, पण वर्षापुरती. पुढच्या वर्षी दुसरं कुणी. आणि दादा, तुम्ही हात झटकून घरी बसायचं नाही. तुम्हाला येतं ते सगळं आम्हाला शिकवायचं. दार, पाट, शहरातली बोलणी, सगळं."

हैबतीनं मान डोलावली. प्रमुख होणं सोपं होतं, हे काम त्याहून अवघड आहे, हे त्याला गाळ उपसून झाल्यावर लगेच कळलं. खालच्या वाफ्यांत नवी कलमं लावायची होती. त्यानं आपल्या घरची जी काही चांगली झाडं उरली होती, ती कलमं बांधायला मोकळी केली आणि कोंडाजीच्या हाती पाटाचं पाणी सोपवलं. कोंडाजीनं माती भलत्याच जागी उकरली. पाणी वाफ्यात जायचं ते सरळ हैबतीच्या पायांवर आलं. कोंडाजी दचकला, फावडं टाकून मागे सरला.

हैबतीच्या ओठांवर शब्द आले होते. ते त्यानं गिळले. ओल्या चिखलात उभं राहूनच तो म्हणाला, "उचल ते फावडं. आता तुला काय वाटतं, कुठे उकरायला हवं?"

कोंडाजीनं वाफ्याकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं आणि फावडं उचललं.

तात्पर्य एवढंच: जो सगळ्यांसाठी एकटाच राबतो तो भला माणूस खरा, पण पुढारी तोच, ज्याच्या माघारीही माणसं स्वतःच्या डोळ्यांनी बघतात आणि स्वतःच्या हातांनी उठून कामाला लागतात.