काढलेली झेंडी

"खाली कोनी नाई, उस्ताद. मंग झेंडी कायले लावून ठेवली?"

लटारी उस्तादाने बशीतला चहा फुंकला.

"मी वाकून वाकून पाहिलं. गाडीखाली कुत्रं बी नाई."

"बराबर."

"मंग?"

"च्या पिऊन राहिलो…"

हेमराजच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं ऊन मी म्हणतंय, तिकडे साहेब घड्याळ बघून बघून कावलाय, आणि हा म्हातारा बाभळीखाली रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरवर मांडी ठोकून चहा पितोय! आणि याची लाल झेंडी भरलेल्या मालगाडीच्या तोंडाशी खुशाल फडफडतेय. इंजिन पलीकडे ताटकळत उभं.

सिमेंटच्या कारखान्यामागचं हे यार्ड. इथे माणसांच्या भुवयासुद्धा राखाडी. लटारी कन्नाके इथला शंटिंगचा जमादार. त्याची शिट्टी वाजल्याशिवाय डबा हलायचा नाही, आणि गाडीखाली शिरून ब्रेकचे दांडे स्वतः ठोकून पाहिल्याशिवाय तो शिट्टी वाजवायचा नाही. हेमराज डाखरे त्याचा चेला. डबे जोडायला आणि सोडायला त्याच्याच हाताखाली शिकलेला. हात मोठा चलाख होता गड्याचा. एवढंच की, आता आपल्याला शिकवण्यासारखं या म्हाताऱ्याकडे काही उरलं नाही, असं त्याला अलीकडे वाटू लागलं होतं.

यार्डात एक रीत होती. गाडीखाली काम असलं की आधी तिच्या तोंडाशी, रुळांच्या मधोमध खडीत आपली लाल झेंडी रोवायची. ती दिसते तोवर ड्रायव्हर इंजिन पुढे आणत नाही. आणि ज्याने झेंडी रोवली, त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना.

मागच्या आठवड्यात हेमराजने हात लावला होता.

ती झेंडी सोमा फिटरची होती. गाडीला उशीर होत होता आणि सोमाचा पत्ता नव्हता. हेमराजने या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, हाका मारल्या. खाली खरंच कोणी नव्हतं. त्याने झेंडी उपटली आणि गाडी गेली. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

जरा वेळाने सोमा स्टोअरमधून ब्रेकची नवी पिन घेऊन पुन्हा गाडीखाली शिरायला आला. मोकळ्या रुळांकडे बघत, पिन हातात धरून तो तसाच उभा राहिला. मग कोणाशी न बोलता घरी गेला.

झालं ते एवढंच. कोणाचा केसही वाकडा झाला नाही. पण त्या दिवसापासून उस्तादाने हेमराजशी बोलणं टाकलं होतं. आज तोंड उघडलं, ते हे असं.

"माहा गुन्हा काय झाला, ते तरी सांगा ना!" हेमराज उसळून म्हणाला. "कोनी मेलं का?"

उस्तादाने बशीत आणखी चहा ओतला.

"सांगा ना, मेलं का कोनी?"

उस्तादाने बशी तोंडाला लावली.

तेवढ्यात देवतळे साहेब तरातरा आले. यार्डाचा कारभार त्यांच्याकडे.

"कन्नाके, झेंडी काढा. इंजिन कधीचं खोळंबलंय."

"ब्रेक पाहाचे हायेत, साहेब."

"मग बघा ना!"

"च्या पिऊन पाहतो."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. या म्हाताऱ्यापुढे आपलं काही चालत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं. ते हेमराजकडे वळले.

"डाखरे, तू काढ ती झेंडी. आजपासून जमादार तू. यांच्या गळ्यातली शिट्टी आज तुझ्या गळ्यात."

हेमराजची नजर उस्तादाच्या गळ्यातल्या शिट्टीवर गेली.

ती शिट्टी त्याला हवी होती. अगदी जिवापाड हवी होती. डबे जोडताना डाव्या हाताचं बोट चेंगरलं, तेव्हाही दवाखान्यात तो त्या शिट्टीचंच बोलत होता. फक्त ती उस्तादाने आपल्या हाताने गळ्यात घालावी, एवढं त्याच्या मनात होतं. आणि दर वेळी उस्तादाचं उत्तर एकच… थांब.

त्याने उस्तादाकडे पाहिलं. हा आता तरी एक शब्द बोलेल. नाही म्हणेल. निदान शिवी तरी घालेल.

उस्ताद चहा पीत होता.

मग मात्र हेमराजचं डोकं फिरलं. तो ताडताड गाडीकडे गेला. वाकला, चाकाचाकाआड पाहिलं. पलीकडे जाऊन पुन्हा पाहिलं. "कोनी हाये का खाली?" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडला. ओ आली नाही. त्याने झेंडी उपटली आणि परत येऊन उस्तादाच्या पायाशी फेकली.

"घ्या! आता पाहा कोन मरते ते!"

लटारी उस्तादाने कप बशीत ठेवला. हातोडी उचलली आणि रोजच्यासारखा सावकाश चालत गाडीशी गेला. जिथे झेंडी होती तिकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. कमरेतून वाकला आणि पहिल्या डब्याखाली शिरला.

ठण… ठण…

इकडे ड्रायव्हरला झेंडी दिसेनाशी झाली होती. उस्तादाकडे पाठ करून, शिट्टीची वाट न बघता साहेबांनी हात हलवला, तोच इशारा त्याने धरला. इंजिनाने भोंगा दिला आणि ते डब्यांकडे यायला लागलं. जोडणीचा धक्का बसला की सगळी गाडी हातभर मागे सरकते, हे हेमराजला वेगळं सांगायला नको होतं.

पायाशी पडलेली झेंडी त्याने कधी उचलली, त्यालाच कळलं नाही. तो धावला. ठेचकाळला, उठला, पुन्हा धावला. रुळांच्या मधोमध उभा राहून, पाठ डब्याला लावून, त्याने दोन्ही हातांनी झेंडी वर धरली.

"थांब! अबे थांब!"

ब्रेक किंचाळले. इंजिन थांबलं, ते इतकं जवळ की त्याची धग हेमराजच्या तोंडावर आली.

"मरायचंय का?" साहेब लांबूनच ओरडले. "हो बाजूला!"

हेमराज बाजूला झाला नाही. त्याने झेंडी खडीत रोवली, बुटाने आजूबाजूचे दगड दाबून पक्की केली.

"खाली मानूस हाये, साहेब."

"त्याला ओढ बाहेर आणि काढ ती झेंडी. जमादारी हवी ना तुला?"

"झेंडी माही हाये. मी लावली, मीच काढीन."

"आणि नाही म्हणतोस तर उद्यापासून फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

"उद्याचं उद्या पाहू. आज गाडी हलत नाई."

"डाखरे!"

"तुम्ही काढून पाहा, साहेब. या. लावा हात."

साहेब दोन पावलं पुढे आले. झेंडीकडे पाहिलं, हेमराजकडे पाहिलं आणि थांबले. वर इंजिनात ड्रायव्हरने मशीन बंद केलं आणि खिडकीत कोपर टेकून बसून राहिला. यार्ड एकदम शांत झालं. डब्याखालून तेवढी हातोडी ऐकू येत होती.

हेमराज गुडघ्यांवर बसला. खाली वाकला. भीती ओसरली होती आणि तिच्या जागी संताप आला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

"उस्ताद! झेंडी तुमच्या पायापाशी फेकली होती मी. तुमच्या डोळ्यादेखत! झेंडी नाई, हे तुमाले मालूम होतं. मंग खाली शिरले कसे?"

हातोडी थांबली.

"मले मालूम होतं…" अंधारातून उस्तादाचा आवाज आला. "सोमाले मालूम नव्हतं."