म्हाळूने राखलेले कोरडे तंबू

धरणाच्या पाण्याला लागून आंबेघोळ नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा होता. त्याचं नाव म्हाळू. वयाने तिशीचा, अंगाने दांडगा, सांगितलेलं काम मन लावून करणारा. अडचण एवढीच, की सांगितलं तेवढंच करायचा.

त्याच्या द्वारकामामीने पाहुण्यांना उतरवण्यासाठी चार कोरे तंबू आणले होते. पहिलेच पाहुणे यायचे होते. निवृत्त पोस्टमनांची आठ जणांची टोळी, आणि त्यांच्यातलेच एक, म्होरके घाटगेअण्णा.

मामी म्हणाली, "म्हाळू, ही मंडळी खूश होऊन गेली तर आणखी येतील. नाहीतर तंबू माळ्यावर आणि आपण पुन्हा लोकांच्या शेतात खुरपायला. जा, चांगली सपाट जागा बघून एक तंबू लावून बघ."

म्हाळू गावभर फिरला. कुठे खडा, कुठे ढेकूळ. शेवटी त्याला एकदम सपाट जागा सापडली. तिथे त्याने तंबू लावला.

थोड्या वेळाने एसटीचा भोंगा वाजायला लागला, तो थांबेचना. मामी धावत गेली. तंबू डांबरी रस्त्याच्या मधोमध होता.

"मामी, याहून सपाट जागा गावात नाही," म्हाळू म्हणाला.

मामीने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, रस्त्यात नाही, काठावरच्या माळावर लाव. पाण्यापासून लांब. आणि तिथे वारा असतो, तेव्हा फडफडेल ते खुंटी ठोकून ताणून बांध."

"एवढंच ना?" म्हाळू म्हणाला.

चारही तंबू माळावर उभे राहिले. दोऱ्या अशा ताणल्या, की बोट लावलं तर वाजतील. पाहुणे आले, जेवले. अण्णा आंब्याखाली सतरंजीवर लवंडले. वारा सुटला आणि त्यांचं धोतर फडफडायला लागलं.

म्हाळूने चार खुंट्या आणल्या.

चहाची हाक आली तसे अण्णा ताडकन उठले. अण्णा उठले, धोतर नाही उठलं. सात पोस्टमन हसून हसून गडाबडा लोळले. आठवा सतरंजी गुंडाळून बसला.

"अरे, हात लावायच्या आधी विचारावं!" मामी म्हणाली. "हो म्हणाले तरच पुढे व्हावं."

"तसं आधी नाही का सांगायचं?" म्हाळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी पाण्यावर अंघोळीला गेली. इकडे अण्णांच्या तंबूत शेळी शिरली आणि तिने केळी खायला घेतली. म्हाळू दारात जाऊन अदबीने वाकला.

"बाई, बाहेर काढू का?"

शेळीचं तोंड भरलेलं होतं. म्हाळू थांबला. केळी संपली. त्याने पुन्हा विचारलं. शेळीने टोपी खायला घेतली. मामी आली तेव्हा टोपी संपून दाराची जाळी चालू होती.

"अरे, हाकल की तिला!"

"ती अजून हो म्हणाली नाही, मामी."

मामीने शेळी हाकलली आणि म्हाळूच्या हातात काठी दिली. "तंबूत कुणी शिरताना दिसलं की विचारत बसू नकोस. दोन ठेवून दे आणि चेन ओढून घे."

अण्णा अंघोळीहून आले. तंबूचं दार बुटकं, म्हणून दोन्ही हात टेकून आत शिरायला लागले.

म्हाळूने दोन ठेवून दिल्या.

या खेपेला पोस्टमनही हसले नाहीत. अण्णा कमरेला हात लावून म्हणाले, "बाई, तीस वर्षं टपाल वाटलं, कुत्री चावली. पण असा पाहुणचार कुठे झाला नाही."

मामीने त्यांच्यापुढे हात जोडले, शेक दिला, थालीपिठं वाढली. अण्णा मनाचे मोठे. थालीपीठ खाऊन निवळले आणि मंडळी समोरची टेकडी बघायला गेली.

म्हाळू चुलीजवळ तोंड पाडून बसला होता. "मामी, मी सगळं तू सांगतेस तसंच करतो गं."

मामीला त्याची दया आली. त्याच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "तू आता माणसांकडे बघूच नकोस. माणसांचं मी बघते. तू फक्त तंबू सांभाळ. कोरं कापड आहे. ओलं राहिलं की बुरशी धरते, कुजतं. उतरवलेस तर झटकून, कोरडेच घडी करून पिशवीत भर. भिजू द्यायचे नाहीत, कळलं?"

"कळलं," म्हाळू म्हणाला. असं सोपं काम त्याला कधी मिळालंच नव्हतं.

मामी दळण आणायला गेली. दुपारी आभाळ एकाएकी भरून आलं. म्हाळूने वर पाहिलं आणि तो कामाला लागला. खुंट्या उपटल्या, काठ्या काढल्या, कापड झटकलं, घड्या घातल्या. आतल्या वळकट्या, पिशव्या, कपडे जागच्या जागी राहिले. त्यांच्याबद्दल मामी काही बोलली नव्हती. शेवटची पिशवी घेऊन तो मामीच्या घराच्या पडवीत शिरला आणि गारांसकट पाऊस कोसळला.

टेकडीवरून आठ पोस्टमन धोतरं सावरत धावत आले. माळावर बघतात तो आठ वळकट्या तरंगताहेत. तंबू नाहीत.

चिंब भिजलेले अण्णा पडवीच्या पायरीशी येऊन ओरडले, "अरे गाढवा, आमचे तंबू कुठे आहेत?"

म्हाळूचा चेहरा उजळला. "काळजी करू नका, अण्णा. एकालाही थेंब लागू दिला नाही."

"बरं, बाजूला हो, आत येऊ दे!"

म्हाळू काठी आडवी धरून दारात उभा राहिला.

"आत नाही हां, अण्णा. तुम्ही ओले आहात, तंबूंना बुरशी धरेल."