बंडीच्या खिशातला रोटर

एकदा एक मनुष्य आपल्या बापाला सुख द्यायला निघाला, आणि त्या नादात तीन वर्षे त्याने बापाकडे धड पाहिलेही नाही. गोष्ट ऐकायला गोड नाही. पण गोड गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून ही मी सांगतो.

साताऱ्याकडच्या एका गावात घरटी एक तरी माणूस फौजेत गेलेला. तिथे हिंदुराव शेडगे राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने सरळ, हाताला कष्टाची सवय. त्यांचे वडील आनंदा शेडगे सैन्यात जीपचे ड्रायव्हर होते. आता ते चौऱ्याऐंशीचे झाले होते, दृष्टी गेली होती, छाती दिवसरात्र वाजत असे. हिंदुरावांनी सैन्याच्या लिलावातून निघालेली एक जुनी जीप आणली, घराला लागून शेड उभारली आणि तिच्या दुरुस्तीला लागले. दसऱ्याला जीपला झेंडूचा हार घालायचा, आबांना पुढच्या सीटवर बसवायचे आणि वेशीपर्यंत फिरवून आणायचे, हा त्यांचा संकल्प.

काम शिकायला त्यांनी गुरू धरला तो गावातलाच. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवलेला एक वृद्ध कारागीर. सगळे त्याला उस्ताद म्हणत. हा बोले थोडे, आणि जे बोले ते झोंबे. त्याच्या हाताखाली हिंदुरावांनी इंजिन उतरवले, गंजलेला पत्रा कापला, ब्रेक नवे केले. हिरव्या रंगाची नेमकी छटा मिळावी म्हणून तर त्यांनी चार वेळा रंग खरवडला. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याला रंग दिसत नव्हता. पण वेडाच्या भरात असलेल्या माणसाला हे सांगणार कोण?

आबांची खाट शेडच्या भिंतीपलीकडे होती. ते अधूनमधून हाक मारीत, "हिंदू, आरं जरा ये की इकडं."

"आलो आबा, एवढा नट आवळतो," हिंदुराव म्हणत. नट आवळून होई आणि दुसरा हाती येई. शेवटी मालनवहिनीच, म्हणजे हिंदुरावांच्या पत्नी, पदराला हात पुसत सासऱ्यांपाशी जात.

भाद्रपदात डॉक्टरांनी हिंदुरावांना बाजूला घेऊन सांगितले, "फार दिवस धरून चालू नका." हिंदुराव हादरले. आणि त्यांनी केले काय? शेडमध्ये दोन तास जास्त काम करू लागले!

पितृपक्षाच्या आधीच जीप तयार झाली. इंजिनाची परीक्षा घ्यायची त्या सकाळी हिंदुरावांनी स्टार्टर मारला. इंजिन नुसते घुरघुरले, पेटेना. बॉनेट उघडून पाहतात तो डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालचा रोटर गायब. अंगठ्याएवढा काळा तुकडा, पण तो नसला की ठिणगी पुढे जात नाही.

"मी काढला," उस्ताद म्हणाला. "फौजेतला रिवाज आहे. गाडी उभी केली की ड्रायव्हरनं रोटर काढून खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी गाडी पळवत नाही. गाडी ज्याची, त्याच्या खिशात दिलाय. जा, माग त्याच्याकडं. आणि दुकानातून दुसरा आणलास तर या शेडमध्ये मी पाय ठेवणार नाही."

हिंदुराव चडफडत आत गेले. आबा उताणे पडले होते आणि त्यांचा पंजा बंडीच्या खिशावर घट्ट होता. हिंदुरावांनी हळूच बोटे सोडवू पाहिली, तर म्हातारा केवढ्याने ओरडला! "कोण आहे? हुकूम दाखव आधी!" मग खोकल्याची अशी उबळ आली की मालनवहिनी धावत आल्या. हिंदुरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाठीला हात लावून ते खाटेवर बसले. बापाच्या पाठीची हाडे हाताला लागत होती. पाठ इतकी वाळली कधी, ते त्यांना ठाऊक नव्हते.

त्या दिवशी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पेज भरवावी, पाय चेपावेत, आबा बोलतील ते ऐकावे. रोटर मागण्याचे धाडस पुन्हा झाले नाही. पाचव्या दिवशी दुपारी आबा आपणहून बोलू लागले.

"बर्फातली चौकी होती. मी नियमानं रोटर काढून खिशात ठेवला आणि वरच्या बंकरमध्ये जाऊन झोपलो. कुठं झोपलोय ते कुणाला सांगितलं न्हाई. सेल्वम म्हणून मद्रासी पोरगं होतं, पहाटे त्याचा श्वास कोंडला. खाली दवाखान्यात न्यायचं, तर गाडी चालू हुईना. मला हुडकण्यात पाऊण तास गेला. मी पळत आलो, रोटर बसवला... पोरगं वाटेत गेलं. माझ्याच शेजारच्या सीटवर." आबा बराच वेळ धापा टाकत राहिले. "साहेब म्हणाले, तुझी चूक न्हाई, तू नियम पाळलास. मग मला जीपचा आवाज सोसंना का झाला?"

मग त्यांनी खिशातून रोटर काढला आणि लेकाच्या हातावर ठेवला. "घे. बसवून ठेव. कुणाला गाडी लागली तर हुडकत बसायला नको."

हिंदुरावांना रडू आवरेना. ते अंगणात आले. उस्ताद पायरीवर बसला होता. हिंदुरावांनी त्याला सगळे सांगितले.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नाही. मला एवढंच दिसत होतं, की जीपचं नाव काढलं की म्हातारा भिंतीकडं तोंड फिरवतो. तू म्हणायचास, आबा लाजतात." उस्तादने शेडकडे बोट दाखवले. "हिंदुराव, इंजिनातल्या टॅपेटचा बारीक आवाज तुला दहा पावलांवरून कळतो. तो कान तू भिंतीपलीकडं कधी लावलास? ज्या सीटवर ते पोरगं गेलं, तसल्याच सीटवर तू जीपला हार घालून बापाला बसवणार होतास. तुझी माया खरी होती रे. पण मायेनं करायचं ते आधी त्या माणसाला विचारावं लागतं. विचारायला त्याच्याजवळ बसावं लागतं. आणि ते नट आवळण्याइतकं सोपं नसतं, म्हणून आपण नट आवळत राहतो."

हिंदुरावांनी रोटर जागी बसवला, बॉनेट लावले आणि आत जाऊन बापाचा हात हातात घेतला. जीप सुरू केली नाही.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी आबा गेले. सुतकात उस्ताद भेटायला आला तेव्हा हिंदुराव म्हणाले, "उस्ताद, तीन वर्षं मी आबांसाठी राबलो म्हणत होतो. खरे आबा मला शेवटचे वीस-बावीस दिवसच भेटले."

सांत्वन करणे उस्तादला जमत नसे, आणि त्या दिवशी तर त्याने तसा प्रयत्नही केला नाही. तो हिंदुरावांच्या शेजारी घोंगडीवर बसून राहिला. आतून कुणी हाक मारीत नव्हते, तरी हिंदुराव दोनदा उठले.