सरासरीतली माणसं

“...आणि सगळ्यात मागे कोण?”

भदंत सुमंगल यांनी विचारलं, तसा प्रज्ञेश हसला. बराच वेळ तो जगातल्या देशांबद्दल बोलत होता. कुठे माणसं किती जगतात, किती शिकतात, किती कमावतात, हे आकडे एकत्र करून देशांची क्रमवारी लावायची, हे त्याचं परदेशातलं काम. यंदाचं जाडजूड पुस्तक घेऊन तो पैनगंगेकाठच्या या लहानशा विहारात आला होता. भंतेंनी त्याला बाराखडी इथेच शिकवली होती.

“मागचे देश शेवटच्या पानावर आहेत, भंते.”

“आणि पुढच्या देशांत मागे राहिलेले?”

“ते... सरासरीत येतात.”



प्रज्ञेशला तो प्रश्न बोचला. मागे एका मोठ्या सभेत एका डोंगराळ देशातली बाई उभी राहिली होती. तिचा देश क्रमवारीत वर गेला म्हणून टाळ्या वाजत होत्या. तिने एवढंच विचारलं होतं, “वर गेलं कोण?”

तेव्हाही त्याने सरासरीचंच उत्तर दिलं होतं. ती त्याच्याकडे बघत बघत खाली बसली होती.

पण हे सांगायला तो आला नव्हता. तो शाबासकी घ्यायला आला होता.

दिवस मावळला. शेतातून परतलेल्या बाया रोजच्यासारख्या वाचायला शिकण्यासाठी जमल्या आणि भिंतीपर्यंत रांगा धरून बसल्या. तेवढ्यात वीज गेली. कुणीतरी कंदील लावला आणि पाहुणा म्हणून प्रज्ञेशच्या पुढ्यात आणून ठेवला.

“उजेड पुरेसा आहे का रे?” भंतेंनी विचारलं.

“भरपूर आहे, भंते.”

तो पुस्तक चाळत राहिला. मागच्या रांगेत गयाबाई मांडीवर पुस्तक उघडं ठेवून बसली होती. तिला अक्षर दिसत नव्हतं. ती तक्रारही करत नव्हती.

भंते उठले. त्यांनी कंदील उचलला, सावकाश चालत गेले आणि मधल्या खांबाच्या खिळ्याला अडकवला.

“भंते! माझ्याकडे अंधार झाला.”

“वाचता येत नाही?”

प्रज्ञेश पानावर वाकला.

“येतं... जरा डोळे ताणावे लागतात.”

मागून एक आवाज आला. अडखळत, बोट ठेवून ठेवून.

“ग... व... त.”

मग गयाबाई स्वतःच मोठ्यांदा म्हणाली, “गवत! अगं बाई, गवत लिव्हलंय हितं!”

बाया हसल्या. शेजारणीने पुढचा शब्द धरला, तिच्या शेजारणीने त्याच्या पुढचा. विहार आवाजाने भरून गेला.

प्रज्ञेश ऐकत राहिला.

“उजेड तर वाढला नाही,” तो पुटपुटला. “वात तीच, तेल तेच. माझ्या हिशेबात इथे काहीच बदललं नाही.”

“असं?” भंते म्हणाले.

प्रज्ञेशने पुस्तक मिटलं. मग खालमानेने त्या डोंगराळ देशातल्या बाईची हकिगत सांगितली. ती कशी बघत होती, तेही सांगितलं.

“मी चुकीचं मोजत आलो का, भंते? सोडून देऊ हे काम?”

“छे. सोडू नकोस. कुणीतरी मोजायलाच हवं.”

“मग मोजू कसं?”

भंतेंनी त्याच्या हातातलं पुस्तक अलगद काढून बाजूला ठेवलं.

“आधी मागे जाऊन बस.”