जांभळीची फांदी

त्या दिवशी ऊनही होतं आणि उन्हातच पाऊसही भुरभुरत होता. फार मागची गोष्ट आहे, भांडीसुद्धा बोलायची तेव्हाची. टेकडीवर पाऊस मोजायचं एक पितळी भांडं उभं होतं. टेकडीखालच्या एका घरातला आजा गेला, बाप गेला, तरी रोज सकाळी त्या घरचं कुणीतरी येऊन त्यातलं पाणी मोजून जाई. शेजारचं जांभळीचं रोप वाढता वाढता झाड झालं आणि त्याची एक फांदी भांड्यावर आली.

"भांडेबाबा, किती तापता हो. आता माझ्या सावलीत बसा," जांभळी म्हणाली.

"पोरी, तुझी पानं माझ्यावरचा पाऊस अडवतात. माझ्यात पाणी कमी पडलं, तर आभाळ आटलं की तू अडवलं, हे माणसांना कळायचं कसं?"

"मग जरा पलीकडे सरका."

"जागा बदलली, तर आजाच्या वेळचा पाऊस आताच्या पावसाशी ताडून बघता यायचा नाही."

जांभळीनं भांड्यावरच्या फांदीकडे पाहिलं. त्याच फांदीला तिची पहिली जांभळं लागली होती. संध्याकाळी वारा सुटला. एरवी ती फांदी घट्ट धरायची, त्या दिवशी तिनं सोडून दिली आणि फांदी मोडून पडली.

सकाळी भांड्यावर मोकळं आभाळ होतं.

"दुखलं का गं?" भांड्यानं विचारलं.

"दुखलं तर. पण नीट मोजा हं बाबा, माझी मुळंही त्याच पावसावर आहेत."